स्वस्त पाने घ्यावेत का?

खामगाव, मलकापूर, चिखली. आठवडी बाजार कुठलाही असो, पथारीवर पाने, पकडी, पेचकस मांडलेले दिसतात आणि किंमत पाहून हात आपोआप खिशाकडे जातो. घरच्या घरी मोटारसायकल किंवा फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्यानं हा माल घ्यावा का?

नरसाळं, तारेचा ब्रश, मोजपट्टी खुशाल घ्या. पान्याचं तसं नाही. मऊ लोखंडाचा पाना जोर पडला की तोंडाशी फाकतो आणि बोल्टचे सहाही कोपरे गोल करून टाकतो. मग छिन्नी-हातोडीशिवाय तो बोल्ट निघत नाही. म्हणून बाजारात जाताना घरचा एक बोल्ट सोबत न्या. पाना त्यावर बसवून हलवा. खुळखुळला तर तिथंच ठेवून द्या.

माझं मत विचाराल तर मोठा स्वस्त संच नकोच. 10-11, 12-13 आणि 14-15 हे तीनच फिक्स पाने क्रोम व्हॅनेडियम पोलादाचे, पावती देणाऱ्या दुकानातून घ्या. नाशिकच्या सातपूरची टपारिया आहे, जालंधर-लुधियानाचा चांगला मालही मिळतो.

पकडीबाबत मात्र अजिबात तडजोड नको. विहिरीवरच्या थ्री फेज मोटारीला सुमारे 415 व्होल्टचा दाब असतो. दांड्यावर नुसतं रबर आहे म्हणून विश्वास ठेवू नका, 1000 व्होल्टची खूण पाहा. आणि तशी पकड हाती असली, तरी आधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढा.