मत्स्यपेटींतील आडोसा

भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें आणि इंदापूर तालुक्यांतील पळसदेवचें जुनें गांव पाण्याखालीं गेलें. उन्हाळ्यांत जलाशय फार उतरला, म्हणजे तेथील प्राचीन देऊळ पुन्हा उघडें पडतें. गांवकऱ्यांना सोडावीं लागलेलीं घरें आणि बुडालेलीं झाडें माशांचा आसरा झालीं. घरांत मोठी मत्स्यपेटी मांडणाऱ्यानें प्रथम हीच गोष्ट ध्यानांत घ्यावी. शोभा पाहणाऱ्याला हवी असते. माशाला हवा असतो आडोसा.

चार फूट लांब, दीड फूट रुंद व तितक्याच उंचीच्या पेटींत सुमारें २५० लिटर पाणी मावतें. एवढ्या पाण्यांत नाना जातींचे मासे सुखानें एकत्र नांदतील, असें वाटतें. परंतु पेटी मोकळी ठेवली, तर बळकट मासा साऱ्या पाण्याचा धनी होतो आणि दुबळ्याचा पाठलाग सुरू होतो. नदींत तो दुबळा मासा दूर निघून जातो. पेटींत त्याला चारही बाजूंस काच आडवी येते. तो खाणें सोडतो, कोपऱ्यांत खिळून राहतो आणि एके सकाळीं मरून तरंगतो. दोष पाण्याला दिला जातो. खरें कारण पुष्कळदां एवढेंच असतें, कीं त्याला दृष्टीआड होण्यास जागा नव्हती. उलट, आसरा जवळ आहे अशी खात्री असली, म्हणजे मासे निर्धास्तपणें उघड्यावर येतात.

एंजल मासा मूळचा अमेझॉनच्या खोऱ्यांतला. त्याचें अंग चपटें व उभट, आणि त्यावर काळे उभे पट्टे असतात. बुडालेल्या फांद्यांच्या सावल्यांत हे पट्टे त्याला लपवितात. म्हणून त्याच्यासाठीं फांदी आडवी न टाकतां उभी वा तिरपी बसवावी. तळाशीं वावरणाऱ्या लहान माशांसाठीं लांकडाखालीं कमान राखावी. पुढची वाळू मात्र मोकळी असावी.

बारामतीकराला लांकूड विकतच आणावें लागेल असें नाहीं. पावसाळा सरल्यावर कऱ्हा व नीरा यांच्या कांठीं वाहून आलेले बुंधे व मुळ्या सांपडतात. त्यांतून पूर्ण वाळलेलें, टणक लांकूड निवडावें. ओलें, कुजकें वा चिकाचें टाकावें. कण्हेर तर मुळींच घेऊं नये, कारण तिचें सर्वांग विषारी आहे. उसाच्या शेतांतून औषधांचें पाणी जेथें उतरतें, तेथलें लांकूडही नको. साल सोलून, साबण न लावतां तें ब्रशानें घासावें. लहान तुकडा उकळावा. मोठा कांहीं आठवडे पिंपांत बुडवून पाणी बदलीत जावें. बाभळीच्या सालीनें कातडें कमावतात. तिच्यांतील टॅनिन हा तुरट अंश लांकडांतूनही उतरतो आणि पाणी चहासारखें दिसूं लागतें. हा रंग बहुतेक माशांना अपाय करीत नाहीं. लांकूड आपण होऊन तळाशीं बसलें, कीं तें तयार झालें असें समजावें.

दगडांत दख्खनचा काळा पाषाण उत्तम. मात्र त्यांत कोठें पांढरा अंश दिसल्यास त्यावर लिंबाचा रस पिळावा. फेंस आला तर तो चुन्याचा अंश पाणी जड करील. मोठा दगड वाळूवर न ठेवतां पेटीच्या तळावरच टेकवावा. मासे वाळू उकरतात, आणि कलंडलेला दगड काच फोडतो.

शेवटीं एक जबाबदारी राहते. काच व लांकूड साफ करील म्हणून दक्षिण अमेरिकेंतला सकर मासा आणला जातो. तो वाढून फूटभराहून लांब झाला, कीं पेटी पुरेनाशी होते. दयेपोटीं त्याला नदीतळ्यांत सोडणारे निघाले, आणि भारतांतील अनेक जलाशयांत तो पसरला. त्याचे कांटे जाळीं फाडतात. देशी माशांच्या अन्नांतही तो वांटेकरी होतो. उजनीच्या पाण्यावर भिगवणच्या मासेमारांचें पोट आहे. नदीकांठचें लांकूड पेटींत खुशाल यावें. पेटींतला मासा नदींत जाऊं नये.