साखळी सोडताना

बंगळूरच्या दक्षिणेस होसूर रस्त्यालगत इलेक्ट्रॉनिक सिटी वसली, ती आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेतून. ते केओनिक्स या कर्नाटक शासनाच्या महामंडळाचे पहिले अध्यक्ष. कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर ही खेडी होती, तेथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही वसाहत उभी राहू लागली. योगायोग असा की, त्याच सुमारास, १९७८ साली, संसदेने बक्षीस चिठ्ठ्या व पैशाचे अभिसरण करणाऱ्या योजनांवर बंदी घालणारा कायदा संमत केला.

सोलापूर, लातूर, बेळगावकडून नोकरीसाठी येथे आलेल्या तरुणाला एखादा जुना वर्गमित्र कॉफीला बोलावतो. धंद्याचे नाव तो सांगत नाही; स्वप्नांविषयी मात्र बोलतो. वस्तू असते, पण ती निमित्तमात्र. पैसे मिळतात ते नवे सभासद आणल्याबद्दल.

आता साधे गणित पाहावे. प्रत्येकाने सहा जण आणायचे ठरले, तर नवव्या पायरीवर १,००,७७,६९६ माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेत बंगळूर शहराची लोकसंख्या सुमारे ८४ लाख होती! तेराव्या पायरीला तर पृथ्वीवरील माणसेही अपुरी पडतात. अर्थात खालच्या पायरीवरच्या बहुसंख्यांचे नुकसान हा योजनेतील अपघात नव्हे. त्याच नुकसानातून वरच्यांची मिळकत होते. १९७५ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कॉस्कॉट प्रकरणात नेमके हेच ताडले: मोबदला ग्राहकाला केलेल्या विक्रीशी निगडित आहे, की केवळ भरतीशी?

हे उमगलेला तरुण बाहेर पडू पाहतो, तेव्हा खरी अडचण सुरू होते. त्याचे स्वतःचे पैसे कदाचित वसूलही झालेले असतात. परंतु ते आले खोलीतील सोबत्याकडून, गावच्या मेहुण्याकडून. सभेत त्याला सांगितले जाते की, जे माघार घेतात ते दुबळ्या मनाचे. प्रामाणिक माणसाला हे बोलणे फार लागते, आणि तो आणखी सहा महिने थांबतो. या सहा महिन्यांत आणखी दोन-तीन नावे त्याच्या खाली लिहिली जातात.

कायद्याचा आधार अगदीच नाही असे नाही. १९७८ च्या कायद्यानुसार अशा योजनेत लोकांना ओढणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या थेट विक्रीच्या नियमांनी पिरॅमिड योजनांना मनाई केली, आणि करारातून ठरावीक मुदतीत दंडाविना बाहेर पडण्याची सोयही त्यांत मानली आहे. म्हणून राजीनामा लेखी द्यावा, पावत्या जपून ठेवाव्यात.

मेहुण्याचे मात्र कोणत्याही नियमात बसत नाही. त्याला फोन करून सांगावे लागते की, ‘दाजी, मी तुम्हांला सांगितले ते खरे नव्हते.’ रक्कम मग पगारातून दरमहा थोडीथोडी फेडता येते. तो फोन मात्र आधी करावा लागतो.