व्यसन पालकाचे, स्थलांतर मुलाचे

पालकाच्या दारूमुळे किंवा अमली पदार्थांच्या व्यसनामुळे ज्या मुलाला स्वतःच्याच घरात सुरक्षितता उरत नाही, त्या मुलाला भारतीय कायद्यात वेगळे नाव नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 मध्ये ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ अशी एक विस्तृत वर्गवारी असून तिच्यात अनाथ, बेघर, भीक मागणाऱ्या आणि छळ सोसणाऱ्या मुलांबरोबरच, ज्यांचे आईवडील हयात असूनही सांभाळ करण्यास अपात्र किंवा असमर्थ ठरले आहेत, अशी मुलेही येतात. व्यसनी पालकांची मुले बहुधा याच वाटेने यंत्रणेपुढे येतात. मात्र कागदावर पहिले कारण म्हणून मारहाण, सुटलेली शाळा, घरातून पळून जाणे किंवा रेल्वे स्टेशनवर एकटे सापडणे यांपैकी काहीतरी लिहिलेले असते, आणि त्यामागे असलेली दारू किंवा गर्द अहवालाच्या आतल्या पानात कुठेतरी एका ओळीत उरकलेली असते.

मुंबईच्या उपनगरांचे उदाहरण घेऊ. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरे ज्यात मोडतात तो मुंबई उपनगर जिल्हा 1990 मध्ये वेगळा झाला आणि त्याचे मुख्यालय वांद्र्याला आले. मुलांच्या संरक्षणाची या महानगरातील परंपरा मात्र त्याहून बरीच जुनी आहे. मुंबई इलाख्याचा बालकविषयक कायदा 1924 मध्ये संमत झाला, 1927 मध्ये ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ स्थापन झाली, आणि तिच्या संस्थांपैकी मानखुर्दचे बालगृह उपनगरांतील कुटुंबांच्या परिचयाचे आहे. आजच्या व्यवस्थेत निर्णयाचा अधिकार बाल कल्याण समितीकडे असतो. अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, सापडलेले मूल प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत तिच्यापुढे आणावे लागते, सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरची, शाळेची व नात्यागोत्यांची प्रत्यक्ष चौकशी करून केलेली टिपणी, पंधरा दिवसांत अपेक्षित असते, आणि अंतिम आदेश चार महिन्यांच्या आत व्हावा असे बंधन असते. मुलाच्या बाबतीत कायदा असा घड्याळ लावून चालतो. ज्याच्या व्यसनामुळे ते मूल तिथवर आले, त्या पालकाच्या उपचाराला मात्र असे कोणतेही घड्याळ लावलेले नाही, आणि साऱ्या व्यवस्थेचे दुखणे नेमके इथे आहे.

घर एका दिवसात मोडत नाही. नाक्यावर उभे राहून रोजाने काम मिळवणाऱ्या माणसाच्या कमाईतला मोठा वाटा देशी दारूच्या दुकानात जाऊ लागला, की आधी दुकानदाराची उधारी थकते, मग घरभाडे थकते, मग शाळेच्या सहलीचे व वह्यांचे पैसे अडतात, आणि आईने तांदळाच्या डब्यात लपवलेली नोट शोधण्यासाठी डबे उपडे होऊ लागतात. आई घरकामाला बाहेर पडते, तेव्हा धाकट्यांचा सांभाळ दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या अंगावर येतो. ती बापाच्या पावलांच्या आवाजावरून आज तो किती पिऊन आला आहे हे ओळखू लागते आणि वेळ पडल्यास भावंडांना घेऊन शेजारच्या खोलीत जाऊन बसते. शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात. हजेरीपट हा सर्वांत आधी मिळणारा पुरावा असतो, परंतु तो बाल कल्याण समितीपर्यंत पोचतो तोवर अनेकदा वर्ष उलटलेले असते.

व्यसन हा आजार आहे, या विधानाला आता कोणी फारसा विरोध करत नाही; उपचार मात्र त्या मानाने फारच थोड्यांपर्यंत पोचतात. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळाला होता, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण तर 180 मध्ये एक इतके होते. महाराष्ट्राला या क्षेत्रात मार्गदर्शनाची उणीव नव्हती. फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये वांद्र्यात ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले, आणि गर्दने तरुणांना ग्रासले त्या काळात, 1986 मध्ये, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांच्या प्रयत्नांतून पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. तथापि मुलांचा विषय महिला व बालविकास विभागाकडे आणि व्यसनमुक्तीचा विषय सामाजिक न्याय व आरोग्य या विभागांकडे अशी वाटणी असल्यामुळे, एकाच खोलीत राहणाऱ्या बापाची आणि लेकाची कागदपत्रे दोन वेगळ्या कार्यालयांत जातात आणि ती एकमेकांना क्वचितच भेटतात.

विषारी दारूने ही विसंगती अधिक उघडी केली. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणी भागात मिथेनॉलमिश्रित गावठी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, आणि त्याआधी डिसेंबर 2004 मध्ये विक्रोळीतही अशीच दुर्घटना घडली होती. अशा घटनेत बाप गेला तर मुलाला एकच पालक असलेले बालक म्हणून शासकीय साहाय्य मागता येते, कारण मृत्यूचा दाखला हा स्पष्ट कागद हाती असतो. बाप जिवंत आहे, रोज पितो, घरात एक पैसा देत नाही, अशा मुलाची अडचण तितकीच गंभीर असूनही ती सिद्ध करणारा दाखला देणार कोण, हा प्रश्न तसाच राहतो, आणि नवऱ्याविरुद्ध लेखी देण्याचे धाडस त्याच घरात राहणाऱ्या बाईला नेहमीच होते असे नाही. जिवंत व्यसनी पित्यापेक्षा मृत पित्याच्या मुलाला मदत सहज मिळावी, ही स्थिती न्याय्य म्हणता येणार नाही.

घराबाहेर काढलेल्या मुलाला संस्थेत ठेवणे हा कायद्यानुसार शेवटचा पर्याय आहे. त्याआधीचा पर्याय म्हणजे प्रतिपालकत्व, अर्थात जन्मदात्यांव्यतिरिक्त दुसऱ्या कुटुंबाने मुलाचा ठरावीक काळ सांभाळ करणे. दत्तकात कायमचे नाते जुळते, इथे मूल पुन्हा स्वतःच्या घरी परतावे ही अपेक्षा असते. पाश्चात्त्य देशांत हे काम बहुतांशी नोंदणी केलेली कुटुंबे करतात. उपनगरांतील वस्त्यांत ते आजी, मामा आणि मावशी पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत, तेही कोणत्याही आदेशाविना आणि स्वतःच्या दहा बाय बाराच्या खोलीत आणखी दोन अंथरुणे घालून. महाराष्ट्राच्या बाल संगोपन योजनेचे मोल इथे कळते, कारण संस्थेऐवजी कुटुंबात वाढणाऱ्या मुलासाठी ती दरमहा अनुदान देते. हे अनुदान 2023 मध्ये 1100 रुपयांवरून 2250 रुपये करण्यात आले. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’मध्ये प्रायोजकत्व व प्रतिपालकत्वासाठी दरमहा 4000 रुपयांची तरतूद आहे. मुंबईतील भाडे आणि दूध यांचे भाव पाहता या रकमा मोठ्या नाहीत, तरीही नातवंडांना सांभाळणाऱ्या आजीच्या हातात त्या वेळेवर पडल्या, तर मूल बालगृहात जाण्याऐवजी आपल्याच शाळेत, आपल्याच मित्रांत राहू शकते.

मूल संस्थेत गेल्यावर नाते कसे विरळ होते, हे उपनगरांच्या भूगोलावरूनही समजते. मुलुंडच्या आईला मानखुर्दला जायचे तर कुर्ल्याला गाडी बदलून हार्बर मार्ग धरावा लागतो. बोरिवलीहून निघणाऱ्या आईचा तर पूर्ण दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. भेटी महिन्यातून एकवर आल्या, की पालकाला मुलाची ओढ नाही असा निष्कर्ष काढणे सोपे होते, आणि तो निष्कर्ष अनेकदा चुकीचा असतो.

या पेचाशी इतर देशही झगडत आहेत. अमेरिकेत 1997 च्या कायद्याने, मूल मागील 22 महिन्यांपैकी 15 महिने प्रतिपालकत्वात राहिल्यास, काही अपवाद सोडून, पालकांचे हक्क संपवण्याची कारवाई सुरू करण्याचे बंधन घातले. व्यसनातून सावरताना पुन्हा घसरणे हे आजाराचेच लक्षण असल्याने ही मुदत अनेक पालकांना अपुरी पडली. आणि 2018 मध्ये तिथल्याच नव्या कायद्याने मुलाला घराबाहेर काढण्यापूर्वी पालकाच्या व्यसनोपचारावर निधी खर्च करण्याची मुभा दिली. लंडनमध्ये 2008 पासून चालणाऱ्या विशेष कौटुंबिक न्यायालयात न्यायाधीश पालकाला ठरावीक दिवसांनी स्वतः भेटतात आणि उपचाराची प्रगती पाहतात. मुंबईच्या समित्यांना निदान एवढे करता येईल, की मुलाच्या फाइलीला व्यसनमुक्ती केंद्राचा अहवाल जोडणे सक्तीचे करावे आणि मूल घरी परत पाठवताना देखरेखीचा आदेश केवळ मुलापुरता न ठेवता पालकाच्या उपचारालाही जोडावा.

आणखी एक साधन हाताशी असूनही फार कमी वापरले जाते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 नुसार मारहाण करणाऱ्या पुरुषाला घरातून बाहेर जाण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. दारू पिऊन घर उद्ध्वस्त करणारा आत राहतो आणि दप्तर घेऊन बाहेर पडते ते मूल, हा आजचा क्रम या तरतुदीने उलटवता येतो. आईच व्यसनात अडकलेली असेल तर प्रश्न अधिक कठीण होतो, कारण स्त्रियांसाठी उपचारकेंद्रे मोजकी आहेत आणि लोकलज्जेमुळे त्यांचा आजार फार उशिरा उघडकीस येतो. मुलासह राहून उपचार घेता येईल अशी सोय शासनाने प्रत्येक जिल्ह्यात उभी केली पाहिजे.

कायदा, अनुदान आणि समिती यांच्या पलीकडे पहिली नजर शेजाऱ्यांची आणि शिक्षकांची असते. वारंवार गैरहजर राहणारे, मधल्या सुट्टीत डबा नसलेले, संध्याकाळी घरी जायला टाळाटाळ करणारे मूल दिसल्यास श्रोत्यांनी 1098 या बालमदत क्रमांकावर कळवावे, आणि त्याच घरातील पिणाऱ्या माणसासाठी 14446 या व्यसनमुक्ती क्रमांकावर विचारणा करावी. दोन्ही दूरध्वनी त्याच दिवशी करावेत.