केळीचा वास आणि बाळहिरडा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



दुपारपासून तिघाचौघांनी विचारलं, "तू कंपनीत नक्की करतोस काय?" मी खरेदी बघतो. सरबताला लागणारे फळांचे स्वाद आणि काढ्याला लागणाऱ्या सुक्या काष्ठौषधी.

आधी स्वादाचं. दहावीला एस्टर शिकलो होतो. आम्ल आणि अल्कोहोल, त्यात थोडं सल्फ्युरिक, की फळासारखा वास. माझा निम्मा धंदा त्या एका धड्यावर चालतो. केळीचा वास म्हणजे आयसोअमाईल ॲसिटेट, अननसाकडे झुकणारा म्हणजे इथाईल ब्युटिरेट. गंमत अशी, की केळीच्या वासाचं मूळ उसातही सापडतं. मळी आंबवून अल्कोहोल काढताना फ्युजेल ऑईल नावाचा जोडपदार्थ निघतो. त्यातलं मुख्य द्रव्य आयसोअमाईल अल्कोहोल, आणि त्याचाच हा एस्टर होतो. म्हणजे दौंडकरांनो, तुमच्या उसाचा एखादा अंश केळीच्या गोळीत गेला असेलही. (हा डबा मोहोळाजवळ उघडू नका. मधमाश्यांच्या धोक्याच्या इशाऱ्यात हेच द्रव्य असतं.)

पण "केमिकल" म्हटलं की आपण दचकतो आणि "नैसर्गिक" म्हटलं की डोळे मिटून घेतो. 2011 च्या अन्न सुरक्षा नियमांत स्वादाचे तीन गट आहेत: नैसर्गिक, निसर्गसदृश आणि कृत्रिम. फळातून भौतिक प्रक्रियेनं काढलं तर पहिला गट. तोच रेणू कारखान्यात बनवला तर दुसरा. निसर्गात न सापडलेला, जसा इथाईल व्हॅनिलिन, तर तिसरा. दुसऱ्या गटातला माल पहिल्याच्या भावात विकणारे भेटतात. वासावरून ते कळत नाही, म्हणून कागद आणि तपासणी.

काष्ठौषधीत तर याहून अवघड. आपल्या शाळेच्या फाटकाशी जे उंच सरळ अशोक होते ना, ते औषधातले अशोक नव्हेत. औषधात सीता-अशोकाची साल लागते, केशरी फुलांच्या झाडाची. बाजारात मात्र त्या फाटकावरच्या झाडाचीही साल अशोक म्हणून येते. अश्वगंधेचं मूळ हवं असतं, भुकटीत पानं मिसळून येतात. पानं वापरू नका असं आयुष मंत्रालयाला 2021 मध्ये सांगावं लागलं. म्हणून मी भुकटी घेतच नाही. अख्खं मूळ, अख्खी साल, गुळवेलीच्या कांड्या आणा, दळणं आमच्याकडे. कोणी म्हणेल दळलेलं स्वस्त पडतं. पडतंच, कारण त्यात काय आहे ते दिसत नाही.

शेजारच्या आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातून बाळहिरडा येतो. आदिवासी कुटुंबं तो कोवळा असताना गोळा करून वाळवतात. तो नीट वाळला नसेल तर पोत्यात बुरशी धरते, भाव पडतो, आणि तोटा मधल्या व्यापाऱ्याचा नाही, गोळा करणाऱ्याचा होतो. माझ्या मते या धंद्यात सर्वांत कमी मोल मिळतं ते वाळवणाऱ्या हाताला.

आता शिरूरच्या मित्रांचा प्रश्न: "औषधी वनस्पती लावू का? कंपनी रोपं देते, माल परत घेते म्हणते." बाबांनो, रोपं विकणाऱ्याची कमाई रोपं विकली तेव्हाच झालेली असते. आधी माल घेणारा शोधा, मग वाफे पाडा. करार असेल तर त्यात ओलाव्याची टक्केवारी, भाव आणि माल नाकारण्याची कारणं लिहिलेली हवीत. शेवग्याचा पाला सोपा वाटतो, पण चार किलो ताज्या पाल्याचा जेमतेम किलोभर सुका होतो. तोही सावलीत वाळवावा लागतो, कडक उन्हात हिरवेपणा जातो आणि मग भावही. हिशेब ओल्या वजनावर मांडलात तर कागदावर बागायतदार व्हाल, खिशात काही नाही.

ज्यांनी लावलंच आहे त्यांनी कागदी पाकिटात शंभर ग्रॅम सुका नमुना आणावा, प्लॅस्टिकमध्ये नको, घाम धरतो. पाकिटावर कधी तोडला आणि किती दिवस वाळवला ते लिहा. मला नको असेल तर नको म्हणेन, आणि का नको तेही सांगेन. जेवणानंतर मी मागच्या व्हरांड्यात आहे.