हिशेबाची वही आणि लोकांचा पैसा



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या शाळेत बोलावयास मिळणे हे मी माझे भाग्य समजतो. मी आयुष्यभर वाणिज्य हा विषय शिकवला. म्हणून आज जमाखर्चाच्या नोंदींतून सत्य शोधणाऱ्या एका पत्रकार महिलेविषयी, सुचेता दलाल यांच्याविषयी, बोलण्याचे मी योजिले आहे.

त्यांनी धारवाडला संख्याशास्त्राचा आणि मुंबईला कायद्याचा अभ्यास केला. अर्थविषयक पत्रकारितेला ही दोन्ही शास्त्रे किती उपयोगी पडतात, याची साक्ष त्यांच्या कारकिर्दीनेच दिली.

१९९१ च्या आरंभी मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक हजाराच्या आसपास होता. एप्रिल १९९२ मध्ये तो ४,४०० च्या वर गेला. हर्षद मेहता या रोखेदलालाचा तेव्हा सर्वत्र जयजयकार चालला होता. तो मोठा अग्रिम आयकर भरतो, हे जणू त्याच्या सचोटीचे प्रमाणपत्रच मानले जाई. परंतु कर किती भरला यावरून पैसा कोठून आला हे कळत नाही. सुचेताबाईंनी नेमका तोच प्रश्न विचारला. २३ एप्रिल १९९२ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्यांचा वृत्तांत आला: स्टेट बँकेच्या रोखे व्यवहारांत सुमारे ५०० कोटी रुपयांचा मेळ लागत नव्हता आणि बँक एका बड्या रोखेदलालाकडे त्याची भरपाई मागत होती.

हा प्रकार कसा चाले, ते आपल्या परिचयाच्या उदाहरणाने सांगतो. आपल्या भागात कापूस पिकतो. समजा, गोदामात एकही गाठ नसताना कोणी शंभर गाठींची पावती लिहून दिली आणि त्या पावतीवर दुसऱ्याने पैसे मोजले, तर काय होईल? बँकांमध्ये तसेच घडले. सरकारी रोखे विकणारी बँक प्रत्यक्ष रोख्यांऐवजी 'बँक रिसीट' देई. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक यांनी अशा पावत्या पाठीशी रोखे नसतानाच दिल्या. त्यांवर मिळालेला पैसा दलालाच्या हाती जाऊन शेअर बाजारात उतरे. रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने घोटाळ्यात अडकलेली रक्कम ४,००० कोटींहून अधिक असल्याचे दाखविले. पुढे संयुक्त संसदीय समिती नेमली गेली, विशेष न्यायालय स्थापन झाले. बँक ऑफ कराड मात्र १९९२ सालीच अवसायनात निघाली. तिच्या ठेवीदारांनी शेअर बाजाराचे तोंडही पाहिले नसेल!

म्हणूनच हा प्रश्न केवळ मुंबईचा नाही. लोधीखेड्याचा शेतकरी संत्र्याचे पैसे बँकेत ठेवतो, तेव्हा तो कागदावरील एका नोंदीवर विश्वास टाकतो. ती नोंद खोटी निघाली तर त्याचा संसार उघड्यावर येतो.

सुचेताबाई एका विजयावर थांबल्या नाहीत. देबाशिष बसू यांच्यासह त्यांनी या घोटाळ्यावर ग्रंथ लिहिला. २००६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१० मध्ये दोघांनी गुंतवणूकदारांच्या शिक्षणासाठी मनीलाइफ फाउंडेशन स्थापन केले. २०१५ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने त्यांच्या लेखनावरून १०० कोटींचा बदनामीचा दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी त्या सप्टेंबरात अंतरिम मनाई नाकारली, इतकेच नव्हे, तर शेअर बाजारावरच ५० लाखांचा खर्च बसविला. परंतु असा दावा अंगावर येणे हीच एक शिक्षा असते. ती सोसण्याची तयारी असल्यावाचून हा व्यवसाय करता येत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही सर्वच पत्रकार व्हाल असे नाही. पण नगर परिषदेचे अंदाजपत्रक, सहकारी संस्थेचा ताळेबंद, देवस्थानाचा जमाखर्च हे तुमच्यापुढे येणारच. ते वाचा. न समजल्यास विचारा. आणि विचारणाऱ्याला एकटा पडू देऊ नका. हिशेब मागणे हा उद्धटपणा नव्हे, ते नागरिकाचे कर्तव्य आहे.