गोल्फची काठी आणि आपली टेंभुर्णी

भोकर-किनवटच्या रानातली टेंभुर्णी आपल्याला ठाऊक आहे ती विडीच्या पानांसाठी. तिच्याच कुळातले अमेरिकेतले झाड म्हणजे पर्सिमन. गोल्फच्या ‘वुड’ काठीचे डोके पूर्वी त्याच कठीण लाकडाचे असे. १९८० नंतर पोलादी डोकी रुळली, नाव मात्र लाकडाचेच राहिले!

गवतावरून लांब टोला मारायची ही काठी. नवशिक्याने ३ नंबरची घेण्याची घाई करू नये. ५ किंवा ७ नंबरचे तोंड अधिक तिरपे, दांडाही आखूड. चेंडू लवकर उचलला जातो. तो खालून उपसू नये. अंगण झाडावे तशी काठी गवतालगत फिरवावी.

गुरुजी, विटीदांडूतही हेच बघा. थोरल्याचा जड दांडू धाकट्याच्या हाती येतो, पोर टोला चुकते, अन् आपण दोष देतो त्याच्या नजरेला. त्याला पेलेल असा दांडू आधी तासून द्या.