उत्तर पहिल्या बायोप्सीतच हवं



आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे: केमो लागू पडेल की नाही, हे आधीच कसं कळेल?

ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग ऐन वाढीच्या वयात गाठतो, बहुतेकदा गुडघ्याजवळच्या हाडात. आधी केमो, मग शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर काढलेलं हाड आपल्या पॅथॉलॉजिस्टांच्या टेबलावर येतं. आपण ते उभं चिरतो, कापाचा नकाशा काढून चौकोन आखतो, एकेक ब्लॉक तपासतो आणि गाठीचा किती भाग मेला ते लिहून देतो. 90 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर प्रतिसाद चांगला. पण हे कळेपर्यंत त्या पोराने कित्येक आठवडे ओकाऱ्या सोसलेल्या असतात, तोंड येऊन घास गिळता आलेला नसतो. सिस्प्लॅटिनमुळे गेलेलं ऐकू येणं तर बहुधा परत येतच नाही.

हे उत्तर पहिल्याच बायोप्सीतल्या प्रथिनांनी, म्हणजे मार्करांनी, द्यावं, म्हणून धडपड चालू आहे. 1995 मध्ये बोलोन्याच्या रिझोली संस्थेतल्या संशोधकांनी 92 रुग्णांच्या गाठींत पी-ग्लायकोप्रोटीन तपासलं. पेशीत शिरलेलं डॉक्सोरुबिसिन बाहेर फेकणारा हा पंप. तो ज्यांच्यात जास्त, त्यांच्यात आजार उलटण्याचा धोकाही जास्त दिसला. पुढचे अभ्यास मात्र एकमेकांशी जुळले नाहीत. 2010 मध्ये टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातून पेरॉक्सिरेडॉक्सिन-2 हे नाव पुढे आलं. तेही अजून रोजच्या उपचारात आलेलं नाही.

घोडं अडतं कुठे? एक तर हाड कापता यावं म्हणून आपण ते आम्लात मऊ करतो, आणि जी प्रथिनं शोधायची त्यांचीच त्यात नासधूस होते. दुसरं, औषधं सगळीकडे सारखी नाहीत. पाश्चात्त्य देशांत मोठ्या मात्रेत मेथोट्रेक्सेट देतात. त्यासाठी रक्तातली पातळी पुन्हा पुन्हा मोजावी लागते. मुंबईच्या टाटा मेमोरियलची ओजीएस-12 पद्धत ते वगळून डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि इफॉस्फामाइडवर उभी आहे. तिकडचा मार्कर इकडे जसाच्या तसा लागू पडेल, असं धरून चालणं मला मान्य नाही.

आणि प्रतिसाद कमी आहे हे कळलं, तर करायचं काय? युरामॉस-1 या 17 देशांतल्या चाचणीत अशा रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर इफॉस्फामाइड आणि इटोपोसाइड वाढवून दिलं. 2016 मध्ये निष्कर्ष आले: आजार आटोक्यात राहण्यात फायदा नाही, त्रास मात्र वाढला. म्हणून नुसतं 'प्रतिसाद कमी' एवढंच सांगणाऱ्या मार्करने माझं समाधान होत नाही. अमुक औषध या गाठीवर चालणार नाही, असं नाव घेऊन सांगणारा मार्कर हवा. त्याशिवाय आईवडिलांसमोर बसून आपण वेगळं काय सांगणार?

तो शोधायचा तर साठा आपल्यालाच करावा लागेल. जिल्ह्याच्या ठिकाणी बायोप्सी करणाऱ्या सर्जनांना माझी कळकळीची विनंती आहे: सगळे तुकडे फॉर्मलिनच्या बाटलीत टाकू नका. शक्यतो जिथे पुढची शस्त्रक्रिया होणार, तिथेच बायोप्सी होऊ द्या. निदानाला पुरेसं ऊतक ठेवून, घरच्यांची संमती घेऊन, एक तुकडा लगेच गोठवा आणि उणे 80 अंशांवर जपा. उरलेल्यासाठी आम्लाऐवजी ईडीटीए वापरा; वेळ लागतो, पण प्रथिनं टिकतात. त्या तुकड्यासोबत दिलेली औषधं, त्यांच्या मात्रा, गाठीचा मेलेला भाग आणि पुढच्या तपासण्या यांची नोंद हवी. सर्व रुग्णालयांसाठी या नोंदीचा एकच नमुना आज दुपारच्या बैठकीत ठरवू या.